मुलगी ॲनापोलिसला, फी शून्य, मग एज्युकेशन क्रेडिट घ्यायचं तरी कशावर?

हडसनकाठ
नमस्कार मंडळी. आमची मोठी लेक जून 2024 च्या शेवटी ॲनापोलिसला नेव्हल अकॅडमीत दाखल झाली. तिथे ट्यूशन नाही, राहणं-जेवण सरकारचं, वर दर महिन्याला पगार. पगारातून युनिफॉर्म, लॅपटॉप, पुस्तकं, धोबी, न्हावी असं सगळं कापून घेतात आणि पहिल्या वर्षी मुलांच्या हातात अगदी थोडे पैसे पडतात. आता 2024 चा टॅक्स भरायला बसलोय. ऑफिसातला एक सहकारी म्हणतो की कॉलेजात मूल आहे ना, मग अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिटचे (कॉलेजच्या खर्चापोटी टॅक्समध्ये मिळणारी सूट) 2,500 डॉलर घ्यायचेच, सोडायचे नाहीत. दुसरा म्हणतो सर्व्हिस अकॅडमीला (सैन्यदलांच्या सरकारी अकॅडमीला) काहीच मिळत नाही, उलट मुलगी आता टॅक्सपुरती आमची डिपेंडंट, म्हणजे आमच्यावर अवलंबून, सुद्धा राहिली नाही. अकॅडमीकडून 1098-टी (कॉलेजच्या फीचा फॉर्म) आलेला नाही, मुलीला डब्ल्यू-2 (वर्षाच्या पगाराचा फॉर्म) मात्र आलाय. मी काउंटीच्या इंजिनियरिंग खात्यात आहे, बायको शाळेत शिकवते, दोघांचं मिळून उत्पन्न 1,50,000 च्या आसपास. ज्यांची मुलं वेस्ट पॉइंट (लष्कर), ॲनापोलिस (नौदल), कोलोरॅडो स्प्रिंग्ज (हवाई दल) कुठेही आहेत किंवा होती त्यांनी कृपया सांगा, तुम्ही काय केलंत? नियमात बसेल तेवढंच घ्यायचंय.

सोनटक्का
आधी लेकीचं आणि तुम्हा दोघांचं मनापासून अभिनंदन!! आमचा मुलगा वेस्ट पॉइंटला तिसऱ्या वर्षाला आहे. 1098-टी आम्हाला एकदाही आलेला नाही आणि येणारही नाही, कारण तो फॉर्म ट्यूशनचा, आणि इथे ट्यूशनच नाही. पहिल्या वर्षी मीसुद्धा फेब्रुवारीभर रोज पोस्टाची पेटी बघत होते.

चिंचगुळ
लेक तिकडे प्लीब समर (नव्या मुलांचं उन्हाळ्यातलं कडक प्रशिक्षण) करून आली आणि बाबांचं प्लीब समर आता एप्रिलच्या पंधरा तारखेपर्यंत :) शुभेच्छा दादा.

अटकेपार
माझ्या मते तुमचा सहकारी बरोबर आहे. अकॅडमीचं चार वर्षांचं शिक्षण काही लाख डॉलरचं असतं असं सगळीकडे लिहितात, आणि ते फुकट नाहीये, मुलं त्याबदल्यात पाच वर्षं सर्व्हिस देतात. म्हणजे किंमत मोजलीच ना? मग त्यातले 4,000 डॉलर खर्च म्हणून दाखवायला काय हरकत आहे?

लेखाजोखा
@अटकेपार, हरकत आहे, आणि मोठी आहे. मी एडिसनला गेली सतरा वर्षं टॅक्सचं काम करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हे क्रेडिट शिक्षणाच्या किमतीवर नसतं. तुम्ही, तुमच्या मुलीने किंवा तुमच्या वतीने कुणी काढलेल्या कर्जातून प्रत्यक्ष भरलेल्या पैशावर असतं. सरकारने जे उचललं ते तुम्ही भरलं नाही. पाच वर्षांची सेवा ही सेवा आहे, भरलेली फी नव्हे. न भरलेली ट्यूशन दाखवून क्रेडिट घेतलं आणि पकडलं गेलं तर घेतलेली रक्कम व्याजासकट परत करावी लागते, शिवाय बेपर्वाईने घेतलं असं ठरलं तर पुढची दोन वर्षं हे क्रेडिट बंद, आणि फसवणूक ठरली तर दहा वर्षं. धाकटं भावंड कॉलेजला जायचं असेल तर त्याच्या वेळचं क्रेडिटही त्यात बुडतं.

आता गणित. पहिल्या 2,000 डॉलरचे शंभर टक्के, पुढच्या 2,000 चे पंचवीस टक्के, असे मिळून जास्तीत जास्त 2,500. त्यातले 40 टक्के, म्हणजे 1,000 पर्यंत, टॅक्स शून्य असला तरी परत मिळू शकतात. एका विद्यार्थ्यासाठी चारच टॅक्स वर्षं. जोडप्याचं उत्पन्न 1,60,000 पर्यंत असेल तर पूर्ण, 1,80,000 ला संपलं. हडसनकाठ तुम्ही त्यात बसताय.

ट्यूशन नसली तरी एक दार उघडं राहतं. या क्रेडिटमध्ये कोर्ससाठी लागणारी पुस्तकं, साहित्य, उपकरणं धरता येतात आणि ती कॉलेजकडूनच घेतलेली असली पाहिजेत असं नाही. लॅपटॉप शिकण्यासाठी आवश्यक असेल तर तोही. युनिफॉर्म, न्हावी, धोबी, प्रवास, विमा यातलं काही नाही. आणि डिपेंडंट मुलीने स्वतःच्या पगारातून पुस्तकांचे पैसे दिले तरी ते आईवडिलांनी दिले असंच धरलं जातं. पण त्यासाठी ती आधी तुमची डिपेंडंट असली पाहिजे, आणि खरा प्रश्न तिथे आहे.

भाकरवडी
आम्ही दोघंही आयटीत, 1,80,000 च्या वर. म्हणजे आमच्यासाठी धागा इथेच संपला का?

लेखाजोखा
क्रेडिटपुरता हो. पण मुलगा डिपेंडंट ठरत असेल तर 500 डॉलरचं दुसरं एक छोटं क्रेडिट आहे, सतरा वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या डिपेंडंटसाठी. ते जोडप्याला 4,00,000 उत्पन्नापर्यंत पूर्ण मिळतं. पुष्कळ जण ते विसरतात.

अटकेपार
ठीक आहे, ट्यूशनचं पटलं. दोन आणि दहा वर्षांच्या बंदीचं माहीत नव्हतं. पण मग मुलगी डिपेंडंट कशी? तिला पगार आहे, डब्ल्यू-2 आहे, ती नोकरीच करतेय की.

सोनटक्का
हा आमच्याकडचा दोन वर्षांचा वाद, त्यामुळे सांगते. आम्ही ज्यांच्याकडे टॅक्स करायचो ते म्हणाले, कॅडेटला डिपेंडंट दाखवायचं नाही, त्याचा निम्म्याहून जास्त खर्च सरकार करतं, तुम्ही नाही. मी त्यांना विचारलं की निम्मा खर्च आम्ही करायला हवा असं नेमकं कुठे लिहिलंय, तर म्हणाले, पहिल्यापासून असंच आहे. पहिल्या वर्षी ऐकलं. दुसऱ्या वर्षी नवऱ्याने शांतपणे बसून वाचलं आणि मग आम्ही त्याला डिपेंडंट दाखवला. आजवर पत्र आलेलं नाही, पण पत्र आलं नाही म्हणजे बरोबर ठरलं असंही मी म्हणणार नाही.

लेखाजोखा
@सोनटक्का ताई, ते "पहिल्यापासून" 2004 पर्यंत खरं होतं. तेव्हा आईवडिलांनी मुलाच्या निम्म्याहून जास्त खर्च उचलला पाहिजे अशी कसोटी होती आणि त्यात अकॅडमीची मुलं हमखास बाहेर पडायची. 2004 च्या कायद्याने 2005 पासून मुलांच्या बाबतीत ती कसोटी उलटी फिरवली. आता विचारतात की मुलाने स्वतःच्या खर्चाचा निम्म्याहून जास्त भार स्वतः उचललाय का. सरकार किती उचलतं हा प्रश्न राहत नाही, मुलगी स्वतः किती उचलते हा राहतो. वय 24 च्या आत, पूर्ण वेळ विद्यार्थी, आणि शिक्षणासाठी घराबाहेर राहणं हे तात्पुरतं बाहेर राहणं धरलं जातं, म्हणजे ती तुमच्याच घरी राहते असं मानतात.

आता अटकेपार यांच्या शंकेत दम आहे, ती उडवून लावण्यासारखी नाही. आयआरएसच्या, म्हणजे टॅक्स खात्याच्या, पब्लिकेशन 970 या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की मिलिटरी अकॅडमीतली नेमणूक ही स्कॉलरशिप नव्हे आणि कॅडेटला मिळतो तो कामाचा पगार. त्यावरून काही जण म्हणतात, मग खोली आणि जेवणही तिने कमावलेलंच झालं, म्हणजे ती स्वतःच स्वतःला पोसते. मला ते पटत नाही. डब्ल्यू-2 वरचा पगार तिचा, आणि त्यातला जो स्वतःवर खर्च झाला तेवढाच तिचा वाटा. बँकेत टाकला तो वाट्यात येत नाही. खोली, जेवण, शिकवणी सरकारने दिली, तो तिसऱ्याचा वाटा. अशी बेरीज मांडली की बहुतेक कॅडेट निम्म्याच्या खूप खाली राहतात. तरी माझ्या धंद्यातले काही जण वेगळं मत देतात हेही सांगून ठेवतो. पब्लिकेशन 501 मध्ये सपोर्टचा, म्हणजे कुणी किती खर्च उचलला याचा, एक तक्ता आहे, तो भरून फाइलला लावून ठेवा. उद्या कुणी विचारलं तर तोच दाखवायचा.

कात्रजचा_घाट
वाचतोय. मी एनडीएचा, खडकवासल्याचा, आता निवृत्त होऊन पुण्यात. आमच्याकडेही अकॅडमीत ट्यूशन नाही, राहणं-जेवण सरकारी, आईवडिलांनी सुरुवातीला किरकोळ डिपॉझिट आणि पॉकेटमनी भरायचा. माझ्या वडिलांनी तेवढ्यासाठी एक म्हैस विकली होती. भारतात जुन्या टॅक्स पद्धतीत दोन मुलांच्या ट्यूशन फीची वजावट मिळते पण एनडीएच्या पालकाकडे दाखवायला ट्यूशन फीच नसते, त्यामुळे तिथेही हाच प्रश्न, हेच उत्तर. तुमच्या लेकीला पुण्याहून एक कडक सॅल्यूट. एनडीएने मुलींना 2022 मध्ये घेतलं, तुमच्याकडे 1976 पासून आहेत. आमच्या पहिल्या मुलींचं पास आउट मे 2025 मध्ये, मी जाणार आहे बघायला.

मोगरा
@कात्रजचा_घाट काका, म्हशीचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. तुमच्यावर वेगळा धागा काढा ना.

दर्यावर्दी
किंग्ज पॉइंटबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. पाच अकॅडम्या आहेत, चार नाहीत! मर्चंट मरीन अकॅडमीची गोष्ट वेगळी आहे. तिथे ट्यूशन आणि राहणं-जेवण सरकारचंच, पण कॅम्पसवर असताना मुलांना पगार नाही, फक्त सी इयरला जहाजावर असताना मिळतो. शिवाय काही फी आणि कॉम्प्युटर वगैरे घरच्यांना भरावं लागतं. म्हणजे तिथे घरचा पैसा खरोखर जातो. आणि एक महत्त्वाचं, क्रेडिटसाठी कॉलेज एलिजिबल असावं लागतं, म्हणजे शिक्षण खात्याच्या स्टुडंट एड योजनांत भाग घ्यायला पात्र. किंग्ज पॉइंटला फेडरल एड चालते, आमच्या मुलाने फाफ्सा (त्या मदतीचा अर्ज) भरला होता. बाकीच्या अकॅडम्यांच्या पालकांनी पुस्तकांवर क्रेडिट घ्यायच्या आधी ही पात्रता बघून घ्या, नुसतं ॲक्रेडिटेशन असणं पुरत नाही.

लेखाजोखा
@दर्यावर्दी, मी हेच लिहायला परत आलो होतो. लोक पावत्या गोळा करतात आणि कॉलेजची पात्रता बघतच नाहीत. फॉर्म 8863 वर, म्हणजे हे क्रेडिट मागायच्या फॉर्मवर, कॉलेजचा ईआयएन (टॅक्स नंबर) सुद्धा लागतो. 1098-टी नसेल तर क्रेडिट मिळतच नाही असं मात्र नाही. पूर्ण फी माफ असलेल्या मुलांना कॉलेजने तो द्यायलाच हवा असं बंधन नाही, आणि अशा वेळी नावनोंदणी आणि खर्च दोन्हींचे पुरावे तुमच्याकडे असले तर चालतं.

शंकरपाळी
जरा विषयांतर, पण इथल्या प्रत्येकाला लागेल. आमच्या मुलीचं एअर फोर्स अकॅडमीत झालं तेव्हा 529 (शिक्षणासाठीचं बचत खातं) मध्ये जन्मापासून साठवलेले पैसे तसेच पडून. आजी-आजोबांनीही दर वाढदिवसाला टाकलेले. सगळे म्हणाले काढलेत तर दहा टक्के दंड. खोटं आहे! पाचही अकॅडम्यांसाठी दंडाला सूट आहे, 2003 च्या कायद्यापासून. तिथल्या शिक्षणाची जी किंमत असेल तेवढ्या रकमेपर्यंत काढा, दंड नाही. नफ्यावर साधा टॅक्स मात्र भरावा लागतो, मुद्दलावर काही नाही.

भाकरवडी
@शंकरपाळी ताई हे अजिबात माहीत नव्हतं, वाचनखूण साठवली. पण टॅक्स तरी का भरायचा, धाकट्याच्या नावावर करता येतं ना?

शंकरपाळी
हो, भाऊ, बहीण, चुलत-मावस भावंडांच्या नावावरही करता येतं. आम्ही तेच केलं, निम्मे धाकट्याला, आणि उरलेले तसेच ठेवलेत कारण तिला पुढे मास्टर्स करायचंय. आता 2024 पासून मुलीच्या रॉथ आयआरएमध्येही (निवृत्तीसाठीचं बचत खातं) हलवता येतात, आयुष्यभरात मिळून 35,000 पर्यंत, खातं पंधरा वर्षं जुनं हवं आणि दर वर्षी आयआरएच्या मर्यादेतच. त्यासाठी मुलीची स्वतःची कमाई हवी, पण कॅडेटला पगार असल्यामुळे ती अट आपोआप पूर्ण होते. घाईने काढू नका एवढंच सांगते. माझ्या सासूबाईंना वाटत होतं की नात सैन्यात गेली म्हणजे आपण साठवलेले पैसे वाया गेले. त्यांना आकडे दाखवल्यावर त्या इतक्या खूश झाल्या की पुढच्या वाढदिवसाला परत चेक दिला.

ध्रुवतारा
मी स्वतः एअर फोर्स अकॅडमीतून बाहेर पडलोय, आता लेफ्टनंट. मराठी टायपिंग कच्चं आहे, सांभाळून घ्या. पालकांनो एक गोष्ट कराच, मुलांशी फेब्रुवारीच्या आधी बोला. माझ्या पहिल्या वर्षी आमच्या स्क्वाड्रनमध्ये सगळे एका रविवारी बसून फोनवर फ्री सॉफ्टवेअरमध्ये टॅक्स भरून टाकत होते. "तुम्हाला दुसरं कोणी डिपेंडंट म्हणून दाखवू शकतं का" याला मी नाही म्हटलं कारण मला वाटलं मी आता सैन्यात आहे, मी कोणाचा डिपेंडंट? तिकडे आईबाबांचा रिटर्न रिजेक्ट झाला, आणि परत दुरुस्ती करायला मला वेळ मिळाला तो स्प्रिंग ब्रेकला. आई फोनवर काही बोलली नाही पण बाबांचा आवाज मला अजून आठवतो.

सोनटक्का
@ध्रुवतारा मराठी अजिबात कच्चं नाहीये बाळा. सुखरूप राहा.

अटकेपार
एक सुचतंय. पालकांचं उत्पन्न जास्त असेल तर पालकांनी मुलाला डिपेंडंट दाखवायचंच नाही आणि मुलाने स्वतः क्रेडिट घ्यायचं, असं चालतं ना? भाकरवडींना उपयोगी पडेल.

लेखाजोखा
चालतं, पण कॅडेटला त्याचा उपयोग जवळजवळ नाही. 2024 मध्ये कॅडेटचा पगार महिन्याला सुमारे 1,340 डॉलर होता, नव्या लेफ्टनंटच्या पगाराच्या 35 टक्के हे कायद्यातच आहे. वर्षाचे झाले 16,080. त्यातून स्टँडर्ड डिडक्शन 14,600 गेलं की उरले 1,480, त्यावर दहा टक्क्यांनी टॅक्स 148 डॉलर. अशा मुलाला परत मिळणारा भाग सहसा मिळत नाही, म्हणजे 2,500 च्या क्रेडिटमधून वाचणार फक्त हे 148, आणि त्यासाठी पालकांनी 500 सोडायचे. हडसनकाठ यांची मुलगी तर जूनअखेर गेली, तिचा पगार सहाच महिन्यांचा, तिला टॅक्स शून्यच. जो कापलाय तो परत मिळेल.

बरं, हडसनकाठ, तुम्ही गप्प आहात. जूनच्या आधी मुलगी काय करत होती? बारावीच होती ना?

हडसनकाठ
गप्प नाही, सगळं दोनदा वाचत होतो. तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. नाही, बारावी 2023 ला झाली. पहिल्या वेळी अकॅडमीसाठी नॉमिनेशन (शिफारस) मिळालं होतं पण अपॉइंटमेंट (प्रवेश) आली नाही. ती रात्रभर खोलीतून बाहेर आली नाही, आणि सकाळी येऊन म्हणाली, बाबा मी परत अर्ज करणार. मग एक वर्ष रटगर्स युनिव्हर्सिटीला होती, पहाटे उठून धावायची, कॅल्क्युलस-केमिस्ट्री सगळं घेतलं, आणि दुसऱ्या वेळी मिळालं. त्याचा 1098-टी आलाय पण ते तर जुनं कॉलेज, ते संपलं म्हणून मी तो बाजूला ठेवला होता.

लेखाजोखा
अहो तोच तर तुमचा कागद आहे!! जानेवारी ते मे 2024 ती रटगर्सला होती ना? क्रेडिट कॅलेंडर वर्षाचं असतं. वर्षात एक सत्र तरी अर्ध्या वेळेपेक्षा कमी नाही एवढं शिकली, डिग्रीसाठी शिकली, कॉलेज एलिजिबल, फी तुम्ही भरली. 2024 चं क्रेडिट त्या सत्रावर मिळतं, नंतर अकॅडमीत गेली म्हणून ते जात नाही. फक्त एक बघा, स्प्रिंगची फी भरली कधी? डिसेंबर 2023 मध्ये भरलेली, जानेवारी ते मार्चमध्ये सुरू होणाऱ्या सत्राची फी 2023 च्या वर्षात मोजतात. 2023 च्या 1098-टी वर बॉक्स 7 ला खूण असेल तर तेच झालंय.

सोनटक्का
आमच्या ओळखीतही एकाने असंच एक वर्ष प्रेप (अकॅडमीची पूर्वतयारी) म्हणून मिलिटरी कॉलेजला घालवलं, तिथे फी घरून भरली होती, त्यांनाही त्या वर्षाचं क्रेडिट मिळालं. अकॅडमीच्या स्वतःच्या प्रेप स्कूलला गेलेल्यांना नाही, तिथे फी नसते.

हडसनकाठ
बँकेची स्टेटमेंट्स काढली. मोठा हप्ता 11 डिसेंबर 2023 ला गेलाय, आणि 2023 ला फॉल सत्राच्या फीमुळे आम्ही आधीच पूर्ण 2,500 घेतले होते, त्यामुळे तो त्यात गेला. पण दुसरा हप्ता जानेवारीत भरलाय, 2,400 डॉलर. आणि स्प्रिंगची पुस्तकं 350 ची, पावत्या बायकोने फाइलला लावून ठेवल्यात, तिला सगळं श्रेय. म्हणजे 2,750. पहिले 2,000 पूर्ण, उरलेल्या 750 चा चौथा भाग 187.50, एकूण 2,187.50. बरोबर आहे ना?

लेखाजोखा
बरोबर. त्या पैशांवर स्कॉलरशिप किंवा 529 मधून काढलेली रक्कम लागलेली नसेल तर. एकाच खर्चावर दोन सवलती नाहीत.

हडसनकाठ
नाही, दोन्ही हप्ते आमच्या खात्यातून. 529 उघडलंच नव्हतं, तेव्हा जमलं नव्हतं.

आता ॲनापोलिसच्या पुस्तकांचं आणि लॅपटॉपचं. आणखी 1,250 चा खर्च धरला असता तर 2,500 पूर्ण झाले असते, म्हणजे प्रश्न 312.50 डॉलरचा. मुलीला फोन केला. म्हणाली लॅपटॉप, युनिफॉर्म सगळं सुरुवातीला उधारीवर देतात आणि मग पगारातून थोडं थोडं वळतं करून घेतात, माझ्याकडे वेगवेगळ्या पावत्या नाहीत, आणि अंदाजाने आकडा लिहू नका बाबा. तिकडे त्यांच्यावर खरेपणाच्या बाबतीत फार कडक नियम असतात, त्यामुळे ती हे अगदी सहज बोलून गेली. मीही दर्यावर्दींनी सांगितलेली पात्रतेची गोष्ट डोळ्यासमोर ठेवून ते 312.50 सोडून दिले. डिपेंडंट म्हणून मात्र दाखवतोय, तक्ता भरला, तिचा स्वतःचा वाटा एक चतुर्थांशही होत नाही. तिला तिच्या रिटर्नवर बरोबर खूण करायला सांगितलं, ध्रुवतारा तुझी गोष्ट वाचूनच.

अटकेपार
मस्त. माझा पहिला प्रतिसाद चुकीचा होता, तो कुणी वाचून तसं करू नये म्हणून इथे पुन्हा लिहितो, सरकारने दिलेल्या शिक्षणाची किंमत खर्च म्हणून दाखवू नका.

चिंचगुळ
आमचा मुलगा दहावीत आहे आणि त्याला कोस्ट गार्ड अकॅडमीला जायचंय, काँग्रेसमनच्या नॉमिनेशनची तयारी कधीपासून करायची?

दर्यावर्दी
@चिंचगुळ पाचांतली कोस्ट गार्ड ही एकच आहे जिथे काँग्रेसचं नॉमिनेशन लागत नाही, थेट अर्ज करायचा. गणित आणि पोहणं आत्तापासून पक्कं करा. बाकी व्यक्तिगत निरोप पाठवा, आमच्या शेजारचा मुलगा तिथेच, न्यू लंडनच्या कोस्ट गार्ड अकॅडमीत आहे, गाठ घालून देतो.